वर्नाच्या बेरींसाठी रिव्हॉल्वर

वर्ना फेब्रुवारीत गेली. जायच्या दोन दिवस आधी तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या. फ्रीझरमधला जुना हॅलिबट मासा आधी संपव, नवा मागाहून. बेरीच्या जागेवर एकटा जाणार असशील तर रिव्हॉल्वर घेऊन जा, कारण तू तोंड उघडत नाहीस आणि एखाद्या दिवशी झोपलेल्या अस्वलावर पाय देशील. आणि जागा ओपलला सांगू नकोस.

ओपल तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मेहुणी. चार घरं सोडून राहते. दोघी रोज एकमेकींकडे कॉफी प्यायच्या, एकमेकींचे केस कापायच्या. ओपलचा नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा वर्ना तीन महिने तिच्याकडे झोपायला जात होती. पण बेरी कुठं तोडते ते एकीनं दुसरीला सांगितलं नाही. आमच्या डॉल्सन बे गावात याचं कोणाला नवल वाटत नाही. इथं माणूस आपला आजार सांगेल, बायकोशी काय बिनसलं तेही सांगेल, पण बेरीची जागा सांगणार नाही. ओपलच्या बेरी बऱ्या असायच्या. वर्नाच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या असायच्या. एकतीस वर्षं दर ऑगस्टमध्ये ओपल आमच्या स्वयंपाकघरात येऊन बादलीत डोकवायची, एक बेरी तोंडात टाकायची आणि न बोलता निघून जायची.

हिवाळ्यात आमच्याकडे जमीन गोठलेली असते, कबर खणता येत नाही, आणि उन्हाळ्यात सगळे मासेमारीवर असतात. म्हणून वर्नाची आठवणसभा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये ठरली. ज्यानं त्यानं घरून एक पदार्थ आणायचा. मी ठरवलं की टेबलावर वर्नाच्या जागेवरच्या बेरींचा केक ठेवायचा. दोन बादल्या पुरल्या असत्या. लोक दुकानातल्या गोठवलेल्या बेरी खात तिच्याबद्दल चांगलं बोलतायत, हे मला बघवलं नसतं. मला एवढंच करायचं होतं. दोन बादल्या आणायच्या, आणि कुठून आणल्या ते कोणाला कळू द्यायचं नाही.

बंदुकीतलं मला काही कळत नाही. अठ्ठावीस वर्षं मी रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवलं. त्या कामात कोणावर काही झाडावं लागत नाही, बोलावंही लागत नाही. जुलैच्या शेवटी मी मर्लच्या दुकानात गेलो.

मर्लचं दुकान बंदरावर आहे. पुढं गळ, आमिष, रबरी बूट, मागच्या काचेत बंदुका. कॉफीच्या किटलीजवळ नेहमीची चार माणसं बसली होती. त्यांत म्हातारा आर्व्हिड होता.

"रिव्हॉल्वर पाहिजे," मी म्हणालो.

मर्लनं चष्मा कपाळावर चढवला. "कशासाठी?"

"अस्वलासाठी."

"अस्वलाला द्यायचंय, की अस्वलावर चालवायचंय?"

किटलीजवळचे हसले. मर्लनं काचेतून दोन रिव्हॉल्वर काढून फडक्यावर ठेवली.

"हे बघ. दोन्ही चव्वेचाळीस कॅलिबरची. गोळी तीच, धक्का तोच. हे छोटं, चार इंची नळी. दाट झुडपात अस्वल पायाखालून उठलं तर हेच झटकन निघतं. हे दुसरं साडेसात इंची. उघड्या उतारावर लांबून नेम धरायला बरं. आता तू सांग, जागा कशी आहे? दाट झुडपं, की उघडा उतार?"

किटलीजवळ कोणी कप खाली ठेवला नाही, पण कोणी घोटही घेतला नाही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे माहीत नाही?"

"म्हणजे सांगता येत नाही."

"अरे, मी डॉक्टरसारखा आहे. कुठं दुखतं ते सांगितलं नाहीस तर औषध कसं देऊ?"

"डॉक्टरकडे एवढी माणसं बसलेली नसतात."

"असतात," आर्व्हिड म्हणाला. "तू गेलायस कधी डॉक्टरकडे?"

मर्लनं आवाज खाली आणला. "बरं, एवढंच सांग. पाण्याचा आवाज असतो का तिथं? ओढा वाहत असला की अस्वलाला आपली चाहूल लागत नाही. मी धंद्याचं विचारतोय."

"तुझी बायको बेरी तोडते, मर्ल."

"तिचा इथं काय संबंध?"

"ती पडद्यामागं उभी आहे. बूट दिसतायत."

"मी झाडत होते," पडद्यामागून मर्लची बायको म्हणाली.

आमची जागा दाट आल्डरच्या झुडपांत आहे. मला छोटंच हवं होतं. पण छोटं घेतलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं की वर्नाची जागा झुडपांत आहे. तेवढी दाट झुडपं गावाजवळ पाच-सहा ठिकाणीच आहेत. मी मोठं उचललं.

"साडेसात इंची?" मर्ल म्हणाला. "नक्की?"

"नक्की."

"म्हणजे उघडा उतार," आर्व्हिड इतरांना म्हणाला. मी पैसे काढले. त्या आठवड्यात गावामागच्या उघड्या उतारावर बरीच माणसं हवा खायला गेलेली दिसली.

मर्लनं छातीवर बांधायचा चामडी पट्टा काढला. तो माझ्या मापाचा करताना त्यानं विचारलं, "इतकी वर्षं काय नेत होतात रे तुम्ही? बंदूक तर नव्हती."

"वर्ना बोलायची."

"वाटभर?"

"वाटभर. तिथंही."

मर्लनं क्षणभर विचार केला. "पुरत असणार," तो म्हणाला.

मी दाराशी पोचलो तेव्हा आर्व्हिडनं हाक मारली. "एल्डन, एक काम कर. घरी गेल्या गेल्या नळीच्या टोकावरची ती माशी कानशीनं घासून टाक." माशी म्हणजे नेम धरायला टोकावर असतो तो उंचवटा.

"बरं," मी म्हणालो. आर्व्हिडनं पन्नास वर्षं अस्वलांच्या देशात मासे पकडलेत. त्याला माहीत असणार. मी बाहेर पडलो तेव्हा मागं हसण्याचा आवाज आला. पण तिथं हसणं नेहमीच चालू असतं.

गळाला धार लावायची वर्नाची बारीक कानस होती. घासायला सगळी संध्याकाळ गेली. पोलाद चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी खडीच्या जुन्या खाणीत मर्ल मला शिकवायला आला. ओपलही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती दर वर्षी एका गोळीत मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, पाडते. मग तिला येऊ नको कोण म्हणणार? तिनं आपल्या ट्रकचं मागचं फळकूट पाडलं आणि त्यावर कॉफीचा थर्मास घेऊन बसली.

मर्लनं सात पावलांवर कागदी थाळी लावली आणि रिव्हॉल्वर हातात घेतलं. मग ते डोळ्यांजवळ नेलं. मग बोटानं नळीचं टोक चाचपलं.

"माशी कुठं गेली?"

"घासली. आर्व्हिडनं सांगितलं."

मर्लनं रिव्हॉल्वर हळूच खोक्यावर ठेवलं. तो ट्रकच्या मागं गेला आणि बराच वेळ तिकडंच राहिला. ट्रक हलत होता.

"ओपल, त्याला काय झालं?"

"काही नाही," ओपल म्हणाली. मग तिनं थर्मास खाली ठेवला. "एल्डन, तो विनोद आहे रे. आपण विचारायचं, का घासायची. मग ते सांगतात, अस्वल जेव्हा ते तुझ्या हातातून काढून घेईल आणि तुझ्या मागच्या बाजूनं आत सारील, तेव्हा टोचू नये म्हणून."

मी विचार केला. "मी विचारलंच नाही."

"चाळीस वर्षं इथं राहतोस. हा विनोद तू कधी ऐकला नाहीस?"

ऐकला असणार. पण विनोद ऐकून मी कधी वेळेवर हसलेलो नाही. घरी जाताना ट्रकमध्ये वर्ना मला समजावायची, लोक कशाला हसले ते. कधी कधी मी घराच्या वळणावर हसायचो आणि मग ती हसायची. हा तिनं का सांगितला नव्हता कोण जाणे. घाणेरडा म्हणून ठेवला असेल, किंवा पुढं कधी तरी सांगायचा असेल. मार्चपासून किटलीजवळ जे जे बोललं गेलं त्यांतलं काय खरं होतं आणि काय विनोद होता, मला ठाऊक नाही.

"नवी माशी बसवता येईल," परत येऊन मर्ल म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "पण शहरातून मागवावी लागेल. दीड महिना जाईल."

दीड महिना नव्हता. त्यामुळे माशीशिवायच शिकायचं ठरलं.

मर्लनं चक्रात चार काडतुसं भरली आणि दोन घरं रिकामी ठेवली, कोणती ते मला न सांगता. मी चाप ओढत गेलो. रिकाम्या घराला रिव्हॉल्वर नुसतं टक् म्हणालं, पण माझे हात तरी खाली गेले.

"बघितलंस?" मर्ल म्हणाला. "गोळी नसताना घाबरलास. आणि चाप ओढायच्या आधी डोळे मिटतोस."

"आवाज मोठा असतो."

"डोळ्यांनी ऐकतोस का?"

मग ओपलनं वरच्या कडेवरून जुना टायर सोडला. त्याच्या मधोमध पुठ्ठा बसवलेला होता. अस्वल असंच येतं म्हणे, उसळत, वाकडंतिकडं. मी तीन गोळ्या झाडल्या. टायर जवळ आला तेव्हा बाजूला झालो. टायर जाऊन खाणीतल्या डबक्यात पडला.

"अस्वल आलं तरी असाच बाजूला होणार?" वरून ओपलनं विचारलं.

"जमलं तर."

"तिथं काही झालंच तर एक गोळी आकाशात झाड," ती खाली येत म्हणाली. "मी येईन."

"कुठं येशील? तुला जागा ठाऊक नाही."

"आवाज येईल की."

ती सहज बोलली. पण मी हातातल्या त्या जड वस्तूकडं बघत राहिलो. चव्वेचाळीसचा आवाज आमच्या खोऱ्यात पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जातो. त्या दिवसांत गावातली अर्धी माणसं कान टवकारून होती. मला झेपेल न झेपेल असं एक हत्यार मी घेतलं होतं, आणि ते झाडलं की वर्नाची जागा गेली.

तरी मी सराव सोडला नाही. कदाचित नुसतं दाखवून भागेल, असं वाटत होतं. मर्ल म्हणाला होता की जिथं वापरायचं तिथं जसा उभा राहतोस तसाच इथं उभा राहा, म्हणजे अंगाला सवय होईल. मी तसा उभा राहिलो. कमरेला बादली, डावा पाय वरच्या दगडावर, तोंड सूर्याकडे. चार दिवस मी असा सराव केला. पाचव्या दिवशी ओपल कॉफी ओतता ओतता म्हणाली, "डावा पाय वर. म्हणजे चढ डावीकडे. सूर्य तोंडावर, आणि तुम्ही जायचात सकाळी, म्हणजे तोंड पूर्वेला. डोंगर दक्षिणेकडे उतरतो तर."

मी पाय दगडावरून खाली घेतला.

"आणि मान सारखी डावीकडे वळवतोस, उजवीकडे नाही. उजव्या कानाला तिथं काही ऐकू येत नसणार. खाली ओढा आहे का रे?"

दुसऱ्या दिवशी मी उजवा पाय दगडावर ठेवला आणि सूर्याकडं पाठ केली.

"म्हणजे कालचं खरं होतं," ओपल म्हणाली.

त्यानंतर मी बसून झाडलं, गुडघ्यावर झाडलं, एकदा आडवा पडून झाडलं. एका पायावरही उभा राहिलो. शाळेची बस खाणीवरून जाते, ती थांबली. संध्याकाळी मर्लनं फोन केला. "तू बरा आहेस ना? ओपल म्हणते तू मुद्दाम करतोयस. किटलीजवळचे म्हणतात वर्ना गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी कोणाचं ऐकू?"

"ओपलचं ऐक," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, तेही सांगायला नको होतं.

ऑगस्ट संपता संपता सात थाळ्यांपैकी दोन थाळ्यांना भोक पडू लागलं. माशी नसताना. मर्ल म्हणाला हे वाईट नाही.

आठवणसभेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मी उजाडताच निघालो. आधी ट्रक गावातून दोनदा फिरवला. ओपलच्या घराचे पडदे बंद होते. मग मी उघड्या उताराच्या पायथ्याशी ट्रक लावला, कोणीही बघावं असा, आणि ओढ्याच्या पाण्यातून चालत तासाभरानं उलट बाजूनं जागेवर पोचलो. रबरी बुटांत पाणी शिरलं होतं.

झुडपांच्या मधोमध आमच्या स्वयंपाकघरापेक्षा थोडी मोठी मोकळी जागा आहे. सगळ्या फांद्या वाकलेल्या होत्या. वर्ना नेहमी वरच्या टोकापासून सुरुवात करायची आणि मी खालून. आम्ही मध्ये भेटायचो. मी वरून सुरुवात केली. दहापर्यंत दोन बादल्या भरत आल्या. आइस्क्रीमच्या पांढऱ्या बादल्या, तारेच्या कडीच्या. मी त्या एका दगडाजवळ ठेवल्या, पाठ सरळ केली आणि पाहिलं तर खालच्या टोकाला अस्वल होतं.

तपकिरी, मोठं. तेही बेरी खात होतं. एकेक फांदी तोंडात घालून ओरबाडत होतं. किती वेळ आम्ही दोघं तिथं होतो कोण जाणे. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागलं.

आधी बोलावं लागतं. सगळ्यांना ठाऊक आहे, शांतपणे बोलायचं, "ए अस्वला, मी इथं आहे," असं काही तरी. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. ओळख नसताना कोणाशी बोलायचं कसं हे मला माणसांशीही जमलेलं नाही.

मग मी रिव्हॉल्वर काढायला गेलो. छातीवरच्या पट्ट्यातून साडेसात इंची नळी बाहेर काढायची तर कोपर खांद्यापर्यंत वर न्यावं लागतं. कोपर आल्डरच्या फांदीत अडकलं. मी मागं वाकलो, आणखी मागं वाकलो, शेवटी जवळजवळ आभाळाकडं बघत ते बाहेर काढलं. तोवर अस्वल थांबलं होतं. ते माझ्याकडं बघत होतं, आणि खाणीत मर्ल बघायचा तसंच बघत होतं.

मी नेम धरला. नळीच्या टोकावर काही नव्हतं. नळीपलीकडं सगळंच अस्वल होतं. म्हणून माशी नसली तरी फारसा फरक पडला नसता. पण झाडायचं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. दोन मिनिटांनी हात भरून आले. मी रिव्हॉल्वर डाव्या हातात घेतलं. मग परत उजव्या हातात. अस्वल चार पावलं पुढं आलं आणि माझ्याकडं न बघता सरळ बादल्यांकडं गेलं.

पहिल्या बादलीत त्यानं नाक खुपसलं. ते घाई करत नव्हतं. दोन तास वाकून मी जे गोळा केलं होतं ते त्यानं एवढ्या वेळात संपवलं की मला एक गोळी भरताही आली नसती. बेरी दातांखाली येताना आवाज होतो, तो मला ऐकू येत होता. मी सहा पावलांवर भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन उभा होतो आणि ते झाडलं तर ओपलला ऐकू जाईल एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे लिहिताना मला कळतं की माणसानं अस्वलासमोर आपल्या जिवाचा विचार करायला हवा. तेव्हा तो आला नाही.

मग त्यानं दुसऱ्या बादलीकडं तोंड वळवलं.

ती शेवटची होती. झुडपांवर मी आणि त्यानं मिळून काही ठेवलं नव्हतं, मधला एक पट्टा सोडला तर. शनिवार दोन दिवसांवर होता. वर्नानं जागा सांगू नकोस म्हटलं होतं. बेरी अस्वलाला घालून ये असं म्हटलं नव्हतं. मी नळी आकाशाकडं केली, डोळे उघडे ठेवले आणि चाप ओढला.

अस्वल मागच्या पायांवर उठलं, खाली आलं आणि वळलं. पहिल्या बादलीची कडी त्याच्या खालच्या जबड्यात अडकली होती. ती रिकामी बादली घेऊनच ते झुडपांत शिरलं, एखादं गिऱ्हाईक दुकानातून निघतं तसं. बराच वेळ फांद्यांवर प्लास्टिक आपटल्याचा आवाज येत राहिला. मी खाली बसलो. दुसरी बादली कलंडली होती, पण निम्म्याहून जास्त शिल्लक होतं.

दहा मिनिटांत ओढ्याकडची झुडपं हलली आणि ओपल बाहेर आली. धापा टाकत होती. चेहऱ्यावर ओरखडे होते.

"लागलं का कुठं?"

"नाही."

"अस्वल?"

"गेलं. बादली घेऊन."

तिनं मला खांद्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. मग मी तिच्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या.

"मला वाचवायला बादल्या घेऊन आलीस?"

"निघताना हाताला लागल्या."

"दोन?"

"दोन हात आहेत मला. पहाटेपासून त्या मधल्या टेकडीखाली गाडीत बसलेय. दक्षिणेकडचा उतार आणि खाली ओढा, असल्या तीनच टेकड्या आहेत. कोणती ते कळत नव्हतं."

तिनं मधल्या पट्ट्याकडं पाहिलं. तिथल्या फांद्या अजून भरलेल्या होत्या. तिनं बादल्या खाली ठेवल्या, एक बेरी तोडली आणि तोंडात टाकली.

"इथं होय," ती म्हणाली.

मी पट्ट्यात रिव्हॉल्वर ठेवायच्या खटपटीत होतो.

"तिनं तुला सांगितलं असणार. ओपलला सांगू नकोस म्हणून."

"हो."

"केव्हा?"

"जायच्या दोन दिवस आधी."

"त्या दिवशी सकाळपासून दवाखान्यात मीच होते तिच्या उशाशी," ओपल म्हणाली. "तू घरी अंघोळीला गेला होतास. मला म्हणाली, पाणी दे. मग म्हणाली, खिडकी लाव. तेवढंच. मला वाटलं थकली असेल." तिनं बाहीनं नाक पुसलं. "तुला आणखी काही म्हणाली का? माझ्याबद्दल?"

मी आठवून पाहिलं. मासा, रिव्हॉल्वर आणि ओपलला सांगू नकोस. "नाही," मी म्हणालो.

ओपलनं मान हलवली. ती झुडपांकडं बघत उभी होती, पण बेरी तोडत नव्हती. अडुसष्ट वर्षांची बाई. तिच्या बहिणीनं जाताना तिच्याबद्दल काढलेला शब्द एवढाच होता, आणि तो खोटा करायला माझ्याकडं काही नव्हतं.

"ही नव्हे ती जागा," मी म्हणालो.

"काय?"

"ही वाटेवरची. बादली भरायची राहिली तर आम्ही इथं थांबायचो. वर्नाची जागा पुढं आहे."

"पुढं म्हणजे कुठं?"

"सांगता येत नाही."

ती माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. पण माझ्या चेहऱ्यावरून कधीच कोणाला काही कळलेलं नाही, त्याचा तेव्हा उपयोग झाला.

"शनिवारी वर्नाच्या बेरी नेणार होतास ना? मग इथं काय करतोयस?"

"तू मागावर असणार हे ठाऊक होतं. म्हणून तिकडं गेलो नाही."

ओपलनं तळहातावर एक बेरी घेतली आणि उन्हात धरली. "याहून मोठ्या?"

मी अंगठा आणि बोट यांच्यात अंतर करून दाखवलं. मग थोडं वाढवलं.

"एवढ्या?"

"सगळ्या नाही. काही काही."

बराच वेळ ती त्या अंतराकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडावर रंग आला. पूर्वी आमच्या स्वयंपाकघरात बादलीत डोकवताना यायचा तसा.

"नालायक बाई," ती म्हणाली. "मेली तरी हातचं राखूनच ठेवलंय." आणि तिनं डोळे पुसले, बादली कमरेला बांधली आणि दोन्ही हातांनी तोडायला लागली. "केकला या चालतील म्हणा. पण लोकांना सांगायचं, या तिच्या नव्हेत. तिच्या म्हणून या खपवायच्या नाहीत. ऐकलंस?"

"ऐकलं."

"खालून तोड तू. वरचं मी बघते."

शनिवारी हॉलमध्ये केक पुरला. त्याची चव लोकांना आवडली. ओपलनं उभं राहून सांगितलं की हा केक वर्नाच्या आठवणीसाठी आहे, पण बेरी वर्नाच्या जागेवरच्या नाहीत. तिच्या याहून मोठ्या असायच्या आणि ती जागा अजून तिथं डोंगरात कुठं तरी आहे, एल्डनला माहीत आहे आणि तो मरेपर्यंत सांगणार नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी केक खात राहिलो.

रविवारी सकाळी मी कॉफी घेऊन पायरीवर बसलो होतो. ओढ्यापलीकडच्या डोंगरावर बादल्या घेऊन चढणारी अकरा माणसं दिसली. ओपल सगळ्यांच्या पुढं होती.